‘माहीत नाही’ हा रकाना

वर्गीय चलात, म्हणजे ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा गटांत मोडणाऱ्या माहितीत, रिकामा रकाना अधिक छळतो, कारण तेथे सरासरीच्या आसपासची किंमत टाकून वेळ मारून नेता येत नाही; उत्तर या गटात तरी जाते, नाहीतर त्या. तरीही सर्वाधिक आढळणारा गट, म्हणजे बहुलक, भरून मोकळे होण्याची रीत टिकून आहे, आणि संगणकाच्या एका आज्ञेत रकाने भरून मिळू लागल्यापासून ते कोणत्या गृहीतकावर भरले हे विचारण्याची सवयच मोडत चालली आहे.

डोनाल्ड रुबिन यांनी 1976 मध्ये हे गृहीतक नेमके मांडले: उत्तर गहाळ होणे नोंदलेल्या उत्तरांवरच अवलंबून असेल, तर त्या उत्तरांच्या आधारे अंदाज बांधता येतो, ते गहाळ उत्तरावरच अवलंबून असेल, तर गहाळ होण्याच्या कारणाचेही प्रतिमान रचावे लागते. पेच असा की, यांपैकी काय घडले हे हाती असलेली सारणी सांगूच शकत नाही.

स्लोव्हेनियात डिसेंबर 1990 च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतापूर्वी 2,074 जणांची पाहणी झाली होती, आणि सार्वमतात गैरहजर मतदार ‘नाही’ धरला जाणार असल्याने कौल व हजेरी या दोन्ही प्रश्नांवरचे ‘माहीत नाही’ निर्णायक होते. रुबिन, स्टर्न आणि वेहोवार यांच्या 1995 च्या लेखात, पूर्ण उत्तरे देणारेच मोजले तर होकार 92.8 टक्के येतो, पहिल्या गृहीतकाने 88.3 आणि दुसऱ्या प्रकारच्या प्रतिमानाने 78.2, प्रत्यक्षात एकूण मतदारांपैकी 88.5 टक्क्यांनी होकार दिला.

ज्याने आयुष्य दुसऱ्या प्रकारची प्रतिमाने घडवण्यात घालवले, त्याला हे आकडे शिष्यासमोर मांडताना जड जाते, आणि एका जुळलेल्या निकालाने पहिले गृहीतक सिद्ध होत नाही असे तो तत्परतेने बजावतो. बजावणे खरे आहे. तत्परता मात्र अहंकाराची आहे. शिष्याने सार्वमताच्या आदल्या दिवशी कोणता आकडा निवडला असता असे विचारले, तर प्रामाणिक उत्तर एका आकड्याचे नसते: मोलेनबर्ग्स, केनवर्ड आणि गेटगेबुर यांनी 2001 मध्ये याच पाहणीसाठी 69.4 पासून 90.5 टक्क्यांपर्यंतचा पल्ला दिला, ज्याच्या खालच्या टोकाला प्रत्येक शंकास्पद उत्तर विरोधात आणि वरच्या टोकाला बाजूने धरलेले आहे. एवढा रुंद पल्ला अहवालात छापण्यास विश्लेषक कचरतात, कारण त्यात त्यांच्या कौशल्याचे काहीच दिसत नाही.