होतकरू कोण?

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, ही म्हण आपल्या घराघरांतून इतक्या सहजपणें उच्चारली जाते कीं, ती खरी आहे किंवा नाहीं हें पडताळून पाहण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. पाळण्यांतील पाय बहुधा सर्वांचे सारखेच दिसतात; पुढें एखादा मोठा झाला म्हणजे मात्र त्याचे ते पाय आपणांस आठवूं लागतात. ज्यांचे पाय तसेच दिसले, पण जे पुढें फारसे चालले नाहींत, त्यांची आठवण म्हणींत शिल्लक राहत नाहीं. ह्या म्हणीची कसोटी घ्यावयाची तर असें एखादें ठिकाण हवें कीं, जेथें भविष्य आधीं उघडपणें सांगितलेलें असतें आणि मागाहून काय झालें तेंहि आंकड्यांनीं नमूद होतें. असें एक ठिकाण आमच्या पाहण्यांत आहे. वाचकांस तें अपरिचित वाटेल, म्हणून प्रथमच सांगून टाकतों: तें म्हणजे अमेरिका व कॅनडा येथील बर्फावरचा हॉकीचा खेळ.

आमची एक पुतणी न्यू जर्सींत राहते. त्या प्रांताच्या न्यूअर्क शहरांत 'डेव्हिल्स' नांवाच्या संघाचें क्रीडागृह आहे, व पुतणीच्या मुलांनीं त्या संघाचा नाद आम्हांस सातासमुद्रांपलीकडून लावला. हा खेळ ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. प्रत्येक बाजूस गोलरक्षक धरून सहा गडी असतात. पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून ते बर्फावरून वेगानें घसरत जातात, व चेंडूऐवजीं कठीण रबराची चपटी चकती काठीनें पुढें नेतात. वीस वीस मिनिटांचे तीन भाग असतात. परंतु श्रम इतके कीं, एक गडी एका वेळीं पाऊण-एक मिनिटच बर्फावर राहतो व लगेच दुसरा त्याची जागा घेतो. आघाडीस तिघे असतात. त्यांतील मधल्यावर भार अधिक. चढाई त्यानें रचावयाची, चकती प्रतिपक्षाच्या हातीं गेली कीं मागें येऊन बचावास हातभार लावावयाचा, आणि पंच दोघांच्या मध्यें चकती टाकतो तेव्हां ती जिंकण्याची खटपटहि बहुधा त्यानेंच करावयाची. आम्हांस ज्या दोन मुलग्यांविषयीं सांगावयाचें आहे, ते दोघेहि ह्या मधल्या जागेचे.

नॅशनल हॉकी लीग ही ह्या खेळांतील सर्वश्रेष्ठ संस्था. तिच्यांतील संघ दरवर्षीं अठरा वर्षांच्या आसपासचे होतकरू मुलगे एकामागून एक निवडून घेतात. गतवर्षीं जे संघ खालीं राहिले त्यांस आधीं निवडण्याची सवलत असते, व पहिल्या कांहीं जागा सोडतीनें ठरतात. २०१७ च्या एप्रिल महिन्यांत ह्या सोडतींत न्यू जर्सीचा संघ पांचव्या जागेवरून पहिल्या जागेवर, व फिलाडेल्फियाचा तेराव्या जागेवरून दुसऱ्या जागेवर आला. निवड २३ जून रोजीं शिकागो येथें व्हावयाची होती. मधल्या दोन महिन्यांत ह्या खेळाच्या जाणकारांत एकच प्रश्न चघळला जात होता: नोलन पॅट्रिक कीं निको हिशियर?

पॅट्रिक हा कॅनडांतील विनिपेगचा. खेळ त्याच्या घरींच नांदत होता. वडील नॅशनल हॉकी लीगमध्यें खेळलेले, आणि चुलते जेम्स पॅट्रिक ह्यांनीं तर तेथें १२८० सामने काढलेले. ब्रँडनच्या कुमार संघांतून खेळतांना २०१५-१६ च्या हंगामांत ह्या मुलानें ७२ सामन्यांत ४१ गोल केले व ६१ गोलांस साहाय्य केलें. म्हणजे एकूण १०२ गुण. त्याच वर्षीं ब्रँडननें आपल्या लीगचें विजेतेपद मिळविलें, व अखेरच्या फेऱ्यांतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचाच गौरव झाला. अंगानें उंच, भरदार, डोकें शांत. तो पहिल्या क्रमांकाचा गडी, हें बहुतेक ठरल्यासारखेंच होतें. परंतु त्याचा जन्म १९ सप्टेंबर १९९८ चा. निवडीसाठीं त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षें पुरीं व्हावीं लागतात. चार दिवसांनीं त्याची २०१६ ची निवड हुकली व त्याला आणखी एक वर्ष कुमारांतच काढावें लागलें. तें वर्ष दुखापतींत गेलें. ३३ सामने व ४६ गुण एवढेंच त्याच्या पदरीं पडलें.

हिशियर हा स्वित्झर्लंडच्या डोंगराळ व्हॅले प्रांतांतील नाटर्स ह्या लहान गांवचा. जन्म ४ जानेवारी १९९९. सतराव्या वर्षीं घर सोडून तो कॅनडांत हॅलिफॅक्स येथें खेळावयास आला. भाषा परकी, माणसें परकीं, आणि युरोपांतील बर्फाचें अंगणहि कॅनडांतल्यापेक्षां रुंद. तेव्हां येथें विचार करण्यास सवड कमी. असें असतांहि पहिल्याच हंगामांत ५७ सामन्यांत त्यानें ३८ गोल व ४८ साहाय्यें, असे ८६ गुण मिळविले. २०१७ च्या जागतिक कुमार स्पर्धेंत अमेरिकेविरुद्ध उपांत्यपूर्व सामना स्वित्झर्लंडनें ३-२ असा गमावला. पण ते दोन्ही गोल ह्याचेच होते. तोंवर स्वित्झर्लंडचा एकहि मुलगा पहिल्या क्रमांकानें निवडला गेला नव्हता.

आतां ह्या दोघांची तुलना कशी करावी? आंकड्यांनीं करूं म्हटलें तर पॅट्रिकची भरभराटीच्या वर्षाची सरासरी दर सामन्यास १.४२ गुण, व हिशियरची १.५१. पण दोघे दोन निरनिराळ्या लीगांत खेळत होते. पॅट्रिकचे सोबती विजेत्या संघाचे, हिशियर नवख्या मुलुखांत. पॅट्रिक साडेतीन महिन्यांनीं मोठा. परंतु त्याचे १०२ गुण हे त्याच्या आधींच्या वर्षाचे, म्हणजे ते त्यानें हिशियरहून लहान वयांत मिळविलेले! एकाचें शेवटचें वर्ष दुखण्याचें, दुसऱ्याचें उमेदीचें. ज्यानें त्यानें आपल्या मनाजोगतें माप घ्यावें व आपल्या मनाजोगतें उत्तर काढावें, असा हा सारा प्रकार. लीगच्या अधिकृत परीक्षकांनीं उत्तर अमेरिकेंत खेळणाऱ्यांच्या अखेरच्या यादींत पॅट्रिकला पहिला व हिशियरला दुसरा ठेवला. न्यू जर्सीनें मात्र हिशियरला निवडलें, आणि फिलाडेल्फियानें पॅट्रिकला.

पुढें काय झालें तें थोडक्यांत असें. हिशियरनें पहिल्या वर्षीं ८२ सामन्यांत ५२ गुण मिळविले, पॅट्रिकनें ७३ सामन्यांत ३०. अंतर होतें, पण दुस्तर नव्हतें. नंतर पॅट्रिकला मायग्रेनच्या विकारानें गांठलें, व २०१९-२० चा सबंध हंगाम त्याला बाहेर बसावें लागलें. तो परत आला; पुढें व्हेगासच्या संघांत गेला; पण २०२१-२२ च्या हंगामानंतर ह्या लीगमध्यें तो खेळला नाहीं. एकूण २२२ सामने, ७७ गुण. हिशियर २०२१ च्या फेब्रुवारींत, बावीस वर्षांचा असतांना, आपल्या संघाचा कर्णधार झाला. २०२२-२३ मध्यें त्यानें ८० गुण मिळविले. आणि बचावाचें काम उत्तम करणाऱ्या आघाडीच्या गड्यास जें सेल्की पारितोषिक देतात, त्याच्या मतदानांत तो त्या वर्षीं दुसरा आला.

तेव्हां न्यू जर्सीची दृष्टि अचूक ठरली, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. त्यांची निवड चांगली होती हें खरें. परंतु डोकेदुखीचा विकार त्यांनीं पाहिला नव्हता, कोणासच तो दिसण्यासारखा नव्हता. निवड चांगली असणें व फळ चांगलें येणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जो मागें पडला त्याच्या अंगीं गुण नव्हते असें फळावरून ठरविणें हा त्याच्यावर अन्याय आहे. हजारों मुलें ज्या बर्फावर पाऊल ठेवण्याचें स्वप्न पाहतात, तेथें २२२ वेळां उतरलेल्या मुलास निरुपयोगी कोण म्हणेल? दुर्दैव हा कांहीं दोष नव्हे.

आणि ह्याहून मौजेची गोष्ट पुढेंच आहे. सर्वांचे डोळे ह्या दोघांवर खिळले असतां त्याच दिवशीं चौथ्या जागेवर कोलोराडोनें केल मकार नांवाचा एक बचावाचा गडी निवडला. तो खेळत होता तो अल्बर्टा प्रांतांतील दुय्यम प्रतीच्या कुमार लीगमध्यें, ब्रूक्स नांवाच्या लहानशा गांवीं. त्याच मुलानें २०२२ सालीं सर्वोत्तम बचावपटूचें नॉरिस पारितोषिक मिळविलें. त्याच वर्षीं कोलोराडोनें स्टॅन्ले चषक जिंकला व अखेरच्या फेऱ्यांतील सर्वोत्तम खेळाडूहि तोच ठरला. तिसऱ्या जागेवरचा मिरो हेइस्कानेन व पांचव्या जागेवरचा एलियास पेटर्सन हेहि नामांकित झाले. दोन महिने तागडी दोघांसाठींच लटकत होती. जो सर्वांत जड तो तागडींत बसलाच नव्हता.

हें सर्व आम्ही एवढ्या विस्तारानें लिहितों ह्याचें कारण, अशी तागडी आपल्या घरांतहि टांगलेली असते. आमच्या एकत्र कुटुंबांत दोन चुलतभाऊ एकाच वर्षीं बारावीच्या परीक्षेस बसावयाचे आहेत. एक आठ महिन्यांनीं लहान. शाळेच्या प्रवेशाच्या तारखेमुळें दोघे एकाच वर्गांत पडले. बालवयांत आठ महिने म्हणजे थोडे नव्हेत. कॅनडांतील हॉकींत वर्षाच्या आरंभीं जन्मलेलीं मुलें मोठ्या प्रमाणांत पुढें आलेलीं दिसतात, हें बार्न्सली ह्या मानसशास्त्रज्ञानें १९८५ सालींच दाखविलें आहे. कारण मुलांची वयोगटवार विभागणी जानेवारीपासून होते, व जें मूल वर्गांत थोरलें तेंच हुशार भासतें. आमच्याकडेहि थोरला 'हुशार' व धाकटा 'बेताचा' असा शिक्का पहिलींतच बसला, आणि तो दोघांनींहि मुकाट्यानें मान्य केला. एकाला चुकण्याची चोरी झाली. दुसऱ्याला झटण्याचें कारण उरलें नाहीं.

घराच्या सामाईक शिलकींतून एकाच्याच परदेशच्या शिक्षणाचा खर्च निभेल, म्हणून गेल्या उन्हाळ्यांत हा प्रश्न वडीलधाऱ्यांपुढें आला. गुणपत्रिका काढल्या, शिकवणीच्या मास्तरांचे अभिप्राय घेतले, दोन रात्री वाद झाला. अखेर आमच्या वहिनी स्वयंपाकघराच्या दारांतून म्हणाल्या, "भाऊजी, तोलायचींच असतील तर ज्वारीचीं पोतीं तोला. पोरें कशाला तोलतां? आणि तोलतांच आहां, तर नववींतल्या मुलीचें नांव कोणीच कसें घेत नाहीं?" ह्यावर कोणास बोलतां आलें नाहीं. ती रक्कम कोणाच्याच नांवें लिहावयाची नाहीं; तिघांपैकीं ज्याला ज्या पायरीवर जेवढी लागेल तेवढी त्या वेळीं द्यावयाची, असें त्या रात्रीं ठरलें.

संघास निवड करावीच लागते, कारण त्याची पाळी एक व जागा एक. कुटुंबास ती सक्ति नाहीं. संघ आज एकास घेतो व उद्यां दुसऱ्यास देऊन टाकतो. आपणांस आपलीं मुलें देऊन टाकावयाचीं नसतात. म्हणून पैशाचा हिशेब करावा लागेल तेथें तो पुढच्या वर्षापुरता करावा, जन्माचा करूं नये. आणि तो मुलांच्या कानांवर पडूं देऊं नये. होतकरू म्हणजे अजून व्हावयाचा. जो अजून व्हावयाचाच आहे त्याची किंमत आज पुरती कळली, असें म्हणण्यांत शहाणपणापेक्षां घाईच अधिक आहे.