कचऱ्याचा मुक्काम

प्रिय सुनंदा,

मुलुंडचं डम्पिंग अजून तसंच आहे का, असं तू विचारलंस. ते २०१८ च्या ऑक्टोबरात बंद झालं. जुना डोंगर उपसायचं काम मात्र वर्षानुवर्षं चाललंय. आपल्या शाळेच्या दिवसांत तिकडून वारा सुटला की आई भरदुपारी खिडक्या लावून घ्यायची, आठवतं ना?

पण कचरा थांबला नाही गं, त्याने नुसता मुक्काम हलवला. बोरिवलीकडचं गोराई २००७ मध्ये बंद झालं, मग मुलुंड. देवनार तर १९२७ पासूनचं. २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता. आता बहुतेक भार कांजुरमार्गवर आहे आणि नाकाला रुमाल लावायची पाळी विक्रोळी-भांडुपकरांवर आली आहे. आपली सुटका झाली म्हणून त्यांनी वास सोसायचा, हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून आमच्या सोसायटीने ओला कचरा आवारातच जिरवायचं ठरवलं. रोज १०० किलोंहून जास्त कचरा निघणाऱ्या मोठ्या सोसायट्यांना पालिकेने २०१७ मध्ये तशी सक्ती केली. आमची इमारत लहान, त्या नियमात बसत नाही, तरी सगळे तयार झाले. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी तर नव्वदच्या दशकातच पालिकेला सोबत घेऊन आपली गल्ली सांभाळायला घेतली होती. एएलएमची (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) चळवळ तिथूनच मुंबईभर पसरली.

आता खताचं सांगते, कारण तुला बागेची हौस आहे. भोकं पाडलेल्या पिंपात तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळका पाला, मग भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, आणि पुन्हा पाला. सुरुवातीला थोडं आंबट ताक शिंपडायचं. रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षांची बारीक पानं यासाठी फार छान. पूर्वी झाडून पेटवून द्यायचे, आता आम्ही पोत्यांत भरून ठेवतो. वास यायला लागला तर समजायचं की ओल जास्त झाली आणि हवा कमी पडली. पाला घालायचा, खालीवर करायचं, की वास जातो. डम्पिंगवर हाच कचरा दाबून पडतो, हवा मिळत नाही, मग मिथेन तयार होतो आणि आगी लागतात. पिंपात मात्र मधला भाग हाताला चटका बसेल इतका तापतो आणि दोनेक महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत खत मिळतं. त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. गणपतीतलं निर्माल्यही आता त्यातच जातं.

ओलं वेगळं झालं की सुका कचरा आपोआप स्वच्छ राहतो, आणि मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच, कारण तो पुढे कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हाती जातो. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून या बायकांना संघटित केलं, प्रशिक्षण दिलं. त्यांना ‘परिसर भगिनी’ म्हणतात. खरकट्याने लडबडलेल्या पुठ्ठ्याला भंगारात भाव मिळत नाही, कोरड्याला मिळतो. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नकोस, चीर दे. तो इवलासा तुकडा कुणाच्या हाती लागत नाही, थेट गटारात जातो. फुटकी काच कागदात गुंडाळून वर तसं लिहायचं, म्हणजे उघडणाऱ्या बाईचा हात कापत नाही.

आणि मुळात घरात कमी आणायचं. बाजारात कापडी पिशवी, मासळीला आणि इडलीच्या पिठाला डबा. कोळीणबाई डब्यात सोललेली कोलंबी आनंदाने घालून देते.

तुमच्याकडे टोरांटोत ओल्याचा हिरवा डबा पालिका दारातून नेते, ते उत्तमच. पण एवढ्या बर्फात घरच्या बागेत खत होतं का? शेजारी कुणी करत असेल तर विचारून कळव. आमच्याकडे जूनपासून पिंपं झाकायची कशी, यावर जोरात चर्चा चालू आहे.

तुझी,
माधुरी