आधी ओरडलं कोण?

मैत्रिणींनो, परवा बाभुळगावच्या मैदानावर माझ्या लेकीच्या कॉलेजचा कबड्डीचा सामना होता. पंचांनी तिला बाद दिले आणि मी काठावरून ओरडले, "डोळे फुटले काय तुमचे?" झालं! लेकही पंचांशी हुज्जत घालू लागली. पिवळे कार्ड मिळून २ मिनिटे बाहेर बसली. तेवढ्यात आमच्या पोरींवर लोण चढला अन् सामना गेला.

घरी येताना आम्ही साऱ्याजणी पंचांनाच बोल लावत होतो. शेवटी पोरींना धाप लागली होती, हातातल्या पकडी सुटत होत्या, हे कुणी बोललेच नाही.

वाद मोठ्यांनाही चुकत नाहीत. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना नियमाच्या वादावरून तासभर अडला होता. शेवटी आपण तो ३३-२९ असा जिंकलो.

रात्री ताटावर लेक हळूच म्हणाली, "आई, आधी तूच ओरडलीस ना?" घास घशातच अडकला. काय उत्तर देणार?

पुढच्या सामन्यालाही मी जाणारच आहे. तुम्हीही जा, टाळ्या भरपूर वाजवा, जीभ मात्र आवरा. पोरी खेळ सरांकडून शिकतात, पण बोलणं आपल्याकडूनच उचलतात.