नगराध्यक्षपदाचा नवखा उमेदवार: पालघर-बोईसरची टिपणे

निवडणूक लागली की पालघरच्या हुतात्मा स्तंभाला सगळ्या पक्षांचे हार पडतात. ‘चले जाव’ चळवळीतल्या 14 ऑगस्ट 1942 च्या गोळीबारात पाच जण इथे पडले. त्यांच्यात सातपाटी, मुरबे, नांदगावचे तरुण होते. पालघर हे आजूबाजूच्या गावांसकट पालघर आहे. पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या माणसाला हे ठाऊक आहे का, ते मी आधी बघतो.

*

मार्च 2019. नगर परिषदेच्या 28 जागांपैकी 21 शिवसेना-भाजप युतीकडे गेल्या, आणि थेट निवडणुकीत नगराध्यक्ष झाल्या राष्ट्रवादीच्या डॉ. उज्ज्वला काळे. त्याच खोलीत, त्याच मिनिटाला मतदारांनी नगरसेवक एका बाजूचे घेतले आणि अध्यक्ष दुसऱ्या बाजूचा. पालघरचा मतदार माणूस वेगळा काढून बघतो. नव्या उमेदवाराला यातून धीर यावा, आणि धास्तीही वाटावी: सभागृहात बहुमत नसेल तर अध्यक्षाने ठराव कसे मंजूर करून घ्यायचे?

*

पार्श्वभूमी म्हणजे पत्रकावरचा फोटो आणि ‘उच्चशिक्षित’ हा शब्द नव्हे. शपथपत्र वाचावं. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, सगळं तिथे असतं. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर उभंच राहता येत नाही. पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असला तरी अपात्र. पण जमिनीचा धंदा कायद्याला चालतो. जिल्हा झाल्यापासून, म्हणजे 1 ऑगस्ट 2014 पासून, इथे जमिनीचा भाव हाच मोठा विषय आहे. म्हणून उमेदवाराने आपल्या जमिनी कुठे आहेत हे सभेत उभं राहून सांगावं, आणि विकास आराखड्यावर आपलं मत काय तेही लगेच सांगावं. या दोन गोष्टी एका दमात ऐकायच्या असतात.

*

पाणी. ‘पालघर व 26 गावे’ ही सूर्या नदीच्या पाण्यावरची योजना. नळ शहरात आहे तसा गावांतही आहे, पण त्या गावांतला माणूस नगराध्यक्षाला मत देत नाही. मतं फक्त शहरातून येतात, तेव्हा टंचाईत झळ कोणाला बसेल हे कळायला फार विचार लागत नाही. याच सूर्येच्या पाण्यावर वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्याही योजना आहेत. नवखा उमेदवार ‘चोवीस तास पाणी’ म्हणाला की मी विचारणार: गावांच्या वाट्याचं काय?

*

वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्येच झाली. बंदर नगराध्यक्षाच्या हातात नाही, हे खरं. पण बंदराबरोबर येणारी वस्ती, ट्रक, कचरा, सांडपाणी हे सगळं पालिकेच्याच दारात येणार. ‘तो केंद्राचा विषय’ हे उत्तर मला पुरत नाही. किनाऱ्यावरचे मच्छीमार या बंदराविरुद्ध इतकी वर्षं लढताहेत. बाजूने की विरोधात, एकदा बोलून टाका. विरोधी मताचा माणूसही स्पष्ट बोलला तर मला चालेल.

*

बोईसर. तारापूर एमआयडीसी, अणुऊर्जा केंद्र (1969 पासून), परप्रांतातून आलेले हजारो कामगार, आणि कारभार ग्रामपंचायतीचा. बोईसर, सरावली, खैरापाडा, पास्थळ यांच्या इमारती एकमेकींना टेकल्या आहेत. एका रस्त्याचा कचरा कोणी उचलायचा हे पंचायतीच्या हद्दीवरून ठरतं. कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्राकडे जातं. त्याविरुद्ध हरित लवादात गेली ती मांगेला समाज परिषद, मच्छीमारांची संघटना. ते काम आधी एखाद्या लोकनियुक्त माणसाने करायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

*

बोईसरला नगर परिषद व्हावी, ही मागणी जुनी आहे आणि माझाही कौल तिकडेच. मात्र पाड्यावरच्या माणसाची भीती खोटी नाही. घरपट्टी वाढेल, रोजगार हमीचं काम जाईल. उद्या बोईसरचा पहिला नगराध्यक्ष व्हायला जो किंवा जी उभी राहील, त्यांनी प्रचार बाजारपेठेतून नव्हे, या पाड्यांवरून सुरू करावा, आणि घरपट्टीचा दर आधी तिथे सांगावा.