डब्याचं दुसरं भोक

परवा एसीचं पाणी बाल्कनीत जायच्या ऐवजी खोलीत गळायला लागलं. नळीच्या तोंडाला कुंभारमाशीने मातीचं बूच बसवलं होतं. इतकं पक्कं की मेकॅनिकला ते स्क्रू ड्रायव्हरने खरवडावं लागलं. तो खरवडत होता आणि माझ्या नाकात मात्र विस्कॉन्सिनमधल्या एका पत्र्याच्या हँगरचा वास शिरला होता. विमानाच्या टाकीचे सांधे बुजवायला जे सीलंट लावतात, त्याला सडक्या अंड्यांची घाण येते. अंघोळ केली तरी ती जात नाही.

हँगर शेजारच्या म्हाताऱ्याचा. जन्मभर दुधाच्या टाक्या वेल्ड केल्या आणि निवृत्त झाल्यावर आरव्ही-7 हे दोन माणसांचं विमान किट आणून जुळवायला घेतलं. तिकडे हौशी विमान म्हणून नोंद हवी असेल तर निम्म्याहून अधिक काम हौशी हातांचंच लागतं. मी मूळचा यंत्रांतला, म्हणून शनिवारी रिव्हेटमागे लोखंडी ठोकळा दाबून धरायला जायचो. दोन्ही पंखांत एकेक टाकी, प्रत्येकी 21 गॅलनची. सगळ्यात जास्त वेळ तो ज्या नळीवर घालवी, तिच्यातून पेट्रोल जातच नव्हतं. ती हवेची होती.

कराडला काकांचं किराणा दुकान होतं. तेलाचा डबा उघडताना ते खिळ्याने एका कोपऱ्यात भोक पाडत आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरं. दुसरं कशाला, असं मी विचारलं. "बघ," म्हणाले, आणि त्यावर अंगठा ठेवला. धार अडखळली, डबा गुळगुळला, आणि धार थांबली. अंगठा काढला तशी ती पुन्हा सरळ लागली. काका पुढे काहीच बोलले नाहीत, गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

विमानात अंगठा दिसत नाही. पंप पेट्रोल ओढत राहतो, जागा भरून काढायला हवा आत येत नाही, टाकीत पोकळी वाढत जाते. काटा अर्धी टाकी दाखवतो आणि इंजिन मरतं. म्हणून म्हाताऱ्याची नळी टाकीच्या बाहेरच्या टोकाला, वरच्या अंगाला सुरू व्हायची, कारण पंख बाहेरच्या बाजूला चढते असतात आणि हवा तिथे गोळा होते. तिथून धडापर्यंत यायची, आत उंच चढायची आणि मग पोटाखाली बाहेर पडायची. तोंड तिरकं कापलेलं, वाऱ्याकडे वळवलेलं. उडताना वारा आत थोडा दाब देतो. तेच मागे वळवलं तर वारा उलट टाकीतूनच ओढू लागेल. तोंडावर जाळी. ती कुंभारमाशीसाठी.

माशीला हसू नये. 6 फेब्रुवारी 1996 ला डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाताहून उडालेलं बोइंग 757 समुद्रात पडलं, 189 माणसं गेली. बुजली होती ती वेग मोजणारी नळी, आणि तपास करणाऱ्यांचा संशय या मातकाम करणाऱ्या जिवावरच होता.

हँगरमध्ये येणारे लोक मात्र रंगीत पडदे आणि चामड्याच्या खुर्च्या बघत. पोटाखाली वाकून नळी बघणारा क्वचित. माझा जुना राग आहे तो. आणि त्याहून जुना राग जॉन डेन्व्हरवरून. पुण्याच्या होस्टेलवर गिटार हातात घेणारा प्रत्येक जण त्याचीच गाणी म्हणायचा. 12 ऑक्टोबर 1997 ला तो कॅलिफोर्नियात पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रात कोसळला, नुकतंच घेतलेलं, दुसऱ्याने बांधलेलं लाँग-ईझी विमान घेऊन. या विमानाचा मूळ आराखडा बर्ट रुटानचा; त्यात टाकी बदलायचा कॉक वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर नेला. पेट्रोल किती उरलंय ते दाखवणाऱ्या काचाही मागे, आरशात बघायच्या. कॉकला हात पोचावा म्हणून निघण्याआधी पकडही लावून पाहिली होती. पार्ट्यांमध्ये लोक म्हणतात, गायक होता, निष्काळजी. पण कॉक मागे नेणाऱ्यालाही निष्काळजी म्हणता येत नाही: पेट्रोलच्या नळ्या माणसाच्या अंगाजवळ नकोत, एवढाच त्याचा सद्हेतू. त्या कॉकपाशी मी नेहमी अडकतो.

असो. म्हाताऱ्याचं आणि माझं भांडण झालं ते दुसऱ्या नळीवरून, पेट्रोल उचलणाऱ्या. ती तळाच्या मागच्या कोपऱ्यात, पण तळाला टेकलेली नाही. मी म्हणे, अजून खाली घे. तो म्हणे, पाणी पेट्रोलपेक्षा जड, तळाचा तेवढा भाग पाण्याचा आणि गाळाचा. पुढे त्याने विमानाचं नाक उंच करून पंप चालवला, नळी हवा ओढायला लागेपर्यंत. जे राहिलं ते काढून मोजलं आणि रिकाम्या विमानाच्या वजनात धरलं. नियमच तसा आहे: न निघणारं पेट्रोल हे पेट्रोल नव्हे, ते विमान.

काकूला हे मुळीच पटलं नसतं. ती रिकामा डबा रात्रभर पातेल्यावर उपडा ठेवायची आणि निथळलेल्या तेलात सकाळची फोडणी करायची. हे सांगितलं तेव्हा म्हातारा खूप हसला. म्हणाला, उपडं उडायचं असेल तर त्याचीही सोय मिळते: लवचीक नळी, टोकाला वजन, विमान उलटलं की पेट्रोल जिकडे जातं तिकडेच तीही पडते. त्याने ती मागवली नव्हती. या वयात कोण उलटं उडतंय, म्हणाला. कॅटलॉगमधल्या त्या पानाचा कोपरा मात्र दुमडलेला होता.