गोगलगायींची हजेरी

दिवाळीच्या सुट्टीत निपाणीला घरी गेलो तेव्हा आमच्या फिशटँकमध्ये चौदा मासे होते. गोगलगायी किती होत्या ते मला माहीत नव्हतं. घरात एका माणसाला तो आकडा रोज माहीत असायचा, पण त्याला विचारावं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

निपाणी म्हटलं की हॉस्टेलवरच्या मित्रांना दोनच गोष्टी आठवतात : तंबाखू आणि सीमाप्रश्न. आमच्या आज्जाचं सगळं आयुष्य पहिल्या गोष्टीत गेलं. तंबाखूच्या वखारीत ते काट्यावर होते. बोद काट्यावर चढला की वजन मोठ्यानं पुकारायचं आणि वहीत मांडायचं, हे त्यांचं काम. वखार सुटली तरी आकडे सुटले नाहीत. बाजारातून आलं की पिशवी ठेवायच्या आधी हिशेब तोंडी व्हायचा. माझे दहावीचे मार्क मी मोबाइलवर टक्क्यांत काढेपर्यंत त्यांनी सांगून टाकले होते.

गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. महिन्या-दोन महिन्यांत पाय बराचसा परत आला, हात थोडा आला, शब्द मात्र आले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, याला वाचाघात म्हणतात. मेंदूच्या डाव्या भागाला मार बसला की होतो. माणसाला समोरच्याचं कळतं, काय म्हणायचं तेही आत तयार असतं, पण तोंडातून शब्द येत नाही, नाहीतर भलताच येतो. आज्जांना पाणी हवं असायचं आणि ते म्हणायचे ‘चावी’. आकड्यांचंही तेच. सातच्या पुढं बारा, बाराच्या पुढं परत सात. ज्या माणसानं जन्मभर वजनं पुकारली, तो दहापर्यंत जाताना अडखळायचा आणि मग रागानं भिंतीकडं तोंड करून झोपायचा.

बसल्या जागी करमावं म्हणून काकांनी फिशटँक आणला. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच, म्हणजे साधारण ५५ लिटरचा. तळाला वाळू पाहिजे म्हणून यमगर्णीजवळून वेदगंगेची वाळू आणली, ओलीच, पोत्यात भरून. मासे गप्पी. डासांच्या अळ्या खातात म्हणून विहिरीत, गटारीत सोडतात तेच, फक्त रंगीत शेपटीचे. आणि बेळगावातल्या एका दुकानातून हायड्रिलाची हिरवीगार जुडी. मी हे सगळं मुंबईत बसून व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि “भारी झालंय” म्हणून मोकळा झालो.

त्या जुडीबरोबर पाहुणे आले. पानांच्या मागं साबुदाण्याच्या दाण्यासारखा, पारदर्शक, चिकट थेंब असतो आणि त्यात बारीक ठिपके. ती गोगलगायीची अंडी. नजरेला पडत नाहीत. आठ-दहा दिवसांत फुटतात. दिवाळीपर्यंत काचेवर, पाइपवर, पानापानावर नखाएवढ्या तपकिरी गोगलगायी फिरत होत्या. आई वैतागली होती. “लोकं घरात आली की आधी तिकडंच बघत्यात. घाण वाटतंय रे.”

मी घरातला सायन्सवाला, त्यामुळं हे काम माझ्याकडं आलं. बघितलं तर विषय मजेदार होता. आपण ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ असं आतल्या गाठीच्या माणसाला म्हणतो. प्राणिशास्त्रात या वर्गाचं नाव आहे गॅस्ट्रोपोडा. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ तोच : पोट-पाय! शंखाचं टोक वर धरून तोंड आपल्याकडं केलं तर बहुतेक गोगलगायींचं तोंड उजवीकडं येतं. आमच्या टँकमधल्यांचं डावीकडं येत होतं. म्हणजे ती फायसेला अक्युटा. मूळची उत्तर अमेरिकेतली समजली जाते, आता पाण-वनस्पतींबरोबर जगभर पोचली आहे. नर-मादी एकाच शरीरात. जोडीदार नसला तरी एकटी अंडी घालू शकते. हे वाचून मी आईला म्हणालो, “आता हिला काढलंच पाहिजे. बाहेरची आहे.”

आज्जीकडं उपाय तयार होता. “तंबाखूचं पाणी घाल की दोन थेंब. मिरचीवरचा मावा जातोय, तर ह्या काय टिकत्यात?” मी हसलो. म्हटलं, “आज्जे, निकोटिन आहे त्यात. मासे मरतील.” किती शहाणपणानं म्हणालो ते आज आठवतं.

बेळगावला कामासाठी गेलो होतो तेव्हा दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, झेब्रा लोच घ्या, गोगलगायी खातो. पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेला सुंदर मासा. मी तिथंच मोबाइलवर बघितलं. बोटिया स्ट्रायाटा. नारायण राव या शास्त्रज्ञांनी १९२० साली त्याची नोंद केली. जगात फक्त आपल्या पश्चिम घाटातल्या नद्यांत सापडतो, आणि आता धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. शोभेच्या बाजारासाठी नदीतून पकडलाही जातो. मी नको म्हणालो. आपण घाटातला एक मासा वाचवला या आनंदात गोगलगायी मारायचं औषध घेऊन एसटीत बसलो. त्या औषधात तांबं असतं.

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर मी कामाला लागलो. आधी फिल्टरचा स्पंज काढून नळाखाली स्वच्छ पिळून धुतला. मग औषधाची बाटली घेतली. आज्जा खुर्चीत बसून बघत होते. मी थेंब टाकायला लागलो तेव्हा त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि म्हणाले, “सात. सात.”

मी म्हणालो, “हो आज्जा, मोजूनच टाकालोय.”

त्यांनी हात सोडला नाही. “सात,” परत म्हणाले. मी हळूच त्यांची बोटं सोडवली आणि पुढचे थेंब टाकले.

सकाळी टँकचं पाणी दुधाळ झालं होतं. वाळूवर गोगलगायी उलट्या पडल्या होत्या. मासे वरच्या कडेला तोंड काढून श्वास घेत होते. दुपारपर्यंत नऊ गेले, पाच राहिले. काय झालं ते मला नंतर नीट कळलं. तांबं गोगलगायींना मारतं आणि जास्त झालं तर माशांनाही बाधतं. त्यात मेलेल्या गोगलगायी सडल्या की पाण्यात अमोनिया वाढतो. एरवी फिल्टरच्या स्पंजमधले आणि वाळूतले जिवाणू तो अमोनिया पचवून टाकतात. आणि स्पंजमधले जिवाणू मी आदल्या रात्रीच क्लोरिनच्या पाण्यानं धुऊन काढले होते. एका रात्रीत मी विष घातलं आणि विष उतरवणाऱ्यांनाही घालवलं.

आज्जा त्या दिवशी जेवले नाहीत. आई म्हणाली, माशांचं वाईट वाटलं असेल. मलाही तसंच वाटलं.

सोमवारी त्यांना बेळगावला स्पीच थेरपीला न्यायचं होतं. निपाणीहून साधारण ७५ किलोमीटर. एरवी काका नेतात, त्या दिवशी मी गेलो. थेरपिस्ट मॅडम कन्नड. आमच्याशी कन्नड-मराठी मिसळून बोलत होत्या. आज्जा समोर बसले तशा त्या हसून म्हणाल्या, “इवत्तु एष्टु, आज्जा? आज किती बसवन हुळू?”

बसवन हुळू म्हणजे कन्नडमध्ये गोगलगाय. आपल्या शब्दात गाय आहे आणि त्यांच्या शब्दात बसव, म्हणजे नंदी. डोक्यावरची ती दोन शिंगं दोन्ही भाषांना दिसली असणार.

आज्जा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग डाव्या हातानं पिशवीतून एक लांबट वही काढून टेबलावर ठेवली. वखारीतल्यासारखी, उभी. मॅडमनी ती माझ्याकडं सरकवली.

त्यांनी आज्जांना सांगितलं होतं, घरातली एखादी गोष्ट रोज मोठ्यानं मोजायची आणि लिहायची. आज्जांनी आधी मासे मोजायचा प्रयत्न केला. मासे थांबत नाहीत. चारवर आलं की दुसरा मासा पहिल्याच्या जागी येतो, आणि ज्याचे आकडेच निसटतात त्यानं काय करायचं? गोगलगायी थांबतात. बोट ठेवून ‘तीन’ हा शब्द तोंडात येईपर्यंत तिसरी गोगलगाय तिथंच असते. डाव्या हातानं, वाकड्या अक्षरांत, तारखेपुढं आकडे होते. ७, ७, ९, १२, ११, १५, १९, २३. पहिल्या पानांवर खाडाखोड होती, नंतरच्या पानांवर कमी होत गेली होती. मॅडम म्हणाल्या, मागच्या वेळी ते न थांबता तेवीसपर्यंत गेले होते. शेवटची नोंद रविवारची होती. तारखेपुढं शून्य.

त्या रात्रीचं ‘सात’ म्हणजे ‘नको’ होतं. हे मला तिथं, त्या खुर्चीत कळलं.

येताना एसटीत मी त्यांना म्हणालो, “आज्जा, चुकलो.” त्यांनी खिडकीबाहेर बघत माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं. त्यामुळं मला जास्तच रडू आलं.

सुट्टीचे दहा दिवस उरले होते. नव्या गोगलगायी आणाव्यात तर पाण्यात तांबं. मग रोज थोडं थोडं पाणी बदलत गेलो. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवायचं. टाकी एकदम धुवायची नाही. पाच मासे जगले. आज्जा खुर्चीत बसायचे, पण वही उघडायचे नाहीत.

निघायच्या आदल्या रात्री झोप लागेना. दोनच्या सुमारास उठून मोबाइलचा टॉर्च टँकवर मारला. वाळूतून काहीतरी वर येत होतं. लांबट, निमुळता, स्क्रूसारखा पिळाचा शंख, जेमतेम अर्ध्या इंचाचा. तोंड उजवीकडं. ही मेलानॉइडिस. आपल्याकडच्या नद्यांमधली नेहमीची गोगलगाय. दिवसा वाळूत पुरून घेते, रात्री बाहेर निघते, आणि शंखाच्या तोंडाला झाकण असतं ते संकटात लावून घेते. कुणी विकत आणली नव्हती, कुणाच्या लक्षात आली नव्हती. वेदगंगेच्या वाळूतून पहिल्या दिवसापासून तिथंच होती. मी ज्यांना ‘बाहेरच्या’ म्हणून मारलं, त्यांच्याशेजारी पोहणारे गप्पीही दक्षिण अमेरिकेतले. अख्ख्या टँकमध्ये गावची अशी ही एकटीच.

मागं वळून बघितलं तर आज्जा भिंतीला धरून उभे होते. मी टॉर्च काचेवर धरला. ते वाकले, डावं बोट काचेला लावलं.

“एक,” ते म्हणाले. पहिल्याच दमात.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी फिशटँक असेल तर एवढं सांगतो. गोगलगायी वाढतात त्या उरलेल्या अन्नावर. आज्जांचा हात थरथरायचा, चिमटीऐवजी मूठ पडायची, ते सगळं तळाला जायचं. दोन मिनिटांत मासे संपवतील तेवढंच घाला, गोगलगायी आपोआप आटोक्यात राहतात. जास्त झाल्या तर रात्री उकडलेलं कोबीचं पान किंवा काकडीची चकती सोडा, सकाळी चिकटलेल्या गोगलगायींसकट उचला. त्या नदीत, विहिरीत टाकू नका. आमच्या शेजारच्या कोंबड्या आनंदानं खातात. नवीन वनस्पती आधी तुरटीच्या पाण्यात बुडवून, धुऊन, काही दिवस वेगळ्या बादलीत ठेवा. फिल्टरचा स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळा. आणि औषध आणायच्या आधी घरातल्या सगळ्यांना विचारा. ज्याला बोलता येत नाही त्याला आधी विचारा.

मेलानॉइडिसच्या मादीला नर लागत नाही. अंडी न घालता ती थेट पिल्लांना जन्म देते, तांदळाच्या कणीएवढ्या. आता रात्री साडेनऊला मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून घरी फोन लावतो. आई फोन आज्जांच्या कानाला लावते.

“काय करालाय, आज्जा?”

“मो... मोजालोय.”

मी थांबतो. पलीकडं बराच वेळ काही ऐकू येत नाही, फिल्टरची बुडबुड तेवढी. मग वखारीत पुकारत असतील तसा मोठ्यानं आवाज येतो :

“अकरा!”