घरचं कोण आहे?

बालगृहातल्या मुलांच्या कामात राहून माझं एक मत पक्कं झालं आहे. अठरा पूर्ण झालेल्या मुलाला छप्पर आणि पैसा लागतोच, पण त्याच्या आधी त्याचं म्हणावं असं एक माणूस लागतं. पैशाची तरतूद आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्यात अनुरक्षण, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरचा आधार, आहे. नियमांप्रमाणे हा आधार एकविसाव्या आणि अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकतो. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत महिन्याला ४००० रुपये आहेत. पण साताऱ्याच्या एमआयडीसीत कामाला लागलेला मुलगा खोली बघायला गेला की घरमालक आधी विचारतो, ‘घरचं कोण आहे?’ सांगलीतल्या हॉस्टेलची मेस दिवाळीला बंद होते, पोरं बॅगा भरून एसटी स्टँड गाठतात. ज्याला गावच नाही त्याने कुठली गाडी धरायची? याचं उत्तर ४००० रुपयांत नसतं.

माणसाने काय फरक पडतो, हे साताऱ्याने पाहिलेलं आहे. भाऊराव पाटलांनी १९२४ साली इथे वसतिगृह काढलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवायची. भाऊराव त्यांचे अण्णा, लक्ष्मीबाई वहिनी. धान्य संपलं तेव्हा वहिनींनी मंगळसूत्रसुद्धा काढून दिलं. त्यांतली कित्येक मुलं पुढे भाऊरावांच्याच रयत शिक्षण संस्थेत शिकवायला राहिली. त्यातल्या अनेकांना गावी आईबाप होते, मग ही तुलना कशी, असं कोणी विचारेल. शंका रास्त आहे. पण घर असलेल्यांनाही जे नातं उपयोगी पडलं, ते बिनघरच्यांना जास्तच लागणार.

असं माणूस बाहेरून जोडून द्यायचं म्हटलं की दुसरा आक्षेप येतो सुरक्षिततेचा. परक्या माणसावर विसंबायचं कसं? विसंबू नयेच; पोलीस पडताळणी आणि बाल कल्याण समितीची नजर हवीच. तिसरा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो: लोक वाढदिवसाला केक घेऊन येतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. म्हणून नातं पंधराव्या वर्षीच जोडायला घ्यावं, म्हणजे टिकणारं कोण हे कळायला तीन वर्षं मिळतात. आणि शब्द लहान द्यावा: आठवड्याला एक फोन, दिवाळीला फराळाचं ताट. मोठा शब्द मोडला की मूल पुढच्या माणसावरही विश्वास ठेवत नाही.